वरच्या टोकाचं गवत

चिमणाबाईला आवाज आला की तिचा इळा थांबायचा. थोडं खाली कापत बसलेल्या बयाबाईला मात्र काहीच ऐकू यायचं नाही.

"काय गं, पायाला गोळा आला काय?" बया विचारायची.

"न्हाय. गप जरा."

"गपच हाय की मी!" बया एवढ्यानं ओरडायची की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसायची.

आवाज खालच्या अंगानं यायचा. आधी म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तशी घरघर. मग घरघरीची एकसारखी गुणगुण, आणि गुणगुण गवताला चिकटून सरळ अंगावर. वारा नसायचा, पातं हलत नसायचं. दिवस चांगला कासराभर वर आलेला, खाली मुरगूडच्या रस्त्यानं एस्ट्या जाताना दिसायच्या. आवाज वाढत वाढत चिमणाबाईपासून हातभर अंतरावर यायचा आणि बंद व्हायचा. आपटल्याचा आवाज नाही, विझल्याचा नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात दाबावा, तसा.

आणि दरवेळी, बंद व्हायच्या आधी, चिमणाबाईच्या तोंडून एक शब्द निघून जायचा.

"मोकळं."

"काय मोकळं?" बया विचारायची.

"काय न्हाय."

चिमणाबाईचं घर माळाच्या पायथ्याला. उंचीनं बेताची, चालणं असं की पायाखालचं पातं मोडू नये, बोलणं त्याहून कमी. नवरा ज्ञानू कागलात हमालीला, आठवड्यातनं एकदा घरी. पोरगी नेसरीला दिलेली. घरात ती आणि एक म्हस. माणसांसाठी न वापरलेले सगळे शब्द ती म्हशीपुढं ओतायची. कुणाची सून पळाली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं. म्हस शांतपणे रवंथ करत ऐकायची आणि कुणाला सांगायची नाही.

शहाण्णव साली या माळावर पृथ्वीराज नावाच्या बागायतदाराच्या पोरानं इमान आणलं. दोन माणसांचं विमान, नाकावर पंखा असलेलं. पहिल्या दिवशी बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, पोरांनी शेपूट धरून बघितलं आणि एका म्हाताऱ्यानं गंभीरपणे विचारलं, "ह्येला औताला जुपता येतंय काय?" पृथ्वीराज पुण्यात शिकलेला. शांत असला की बोलणं पुण्याचं, तापला की घरचं. "हे बघा, रनवेवर एकसुद्धा दगड मला दिसता कामा नये, प्लीज. दिसला तर एकेकाला हाणतो बगा मग!"

रनवे म्हणजे माळावरचं गवतच. डोझरनं सपाट केलेली लांबलचक पट्टी. गवत चार बोटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढाच कायदा. कापायला पाच-सहा बायका. रोजगार नाही, कापलेलं गवत ज्याचं त्यानं घरी न्यायचं. श्रावणात गवत एका रात्रीत वीतभर वाढतं आणि घरोघरी म्हशी, तेव्हा बायका खूश आणि पृथ्वीराजही खूश.

नाखुशीची गोष्ट एकच. पट्टीच्या वरच्या टोकाला पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. नागपंचमीला पाच वाड्यांच्या बायका तिथं दूध-लाह्या घेऊन यायच्या, फेर धरायच्या. डोझरनं ते एका सकाळीत सपाट केलं. बायका लांबून बघत उभ्या राहिल्या. त्यानंतर वरच्या टोकाला कापायला बसायला कुणी तयार होईना.

"मी बसते की," चिमणाबाई म्हणाली. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, तेव्हाच घरातले देव वेदगंगेला सोडले होते. तिच्या घरात पंचमी नव्हती, वारूळ नव्हतं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्यापुढं संध्याकाळी एक मेणबत्ती. वरचं टोक तेव्हापासून तिचं झालं.

बायकांवर मुकादम आकाराम. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच शेपटीनं संपायचं. "गवत भिजलंय, ध्यानात आलं का? चा प्यायला जातोय, ध्यानात आलं का?" गुडघ्यानं अधू, त्यामुळं तो खालच्याच टोकाला खुर्ची टाकून बसायचा. इमान सुटायच्या आधी तो तिथनं हाळी द्यायचा.

"खालचं टोक?"

"मोकळं!" बयाबाई. ही हाळी थेट निपाणीला पोचत असावी.

"मधलं?"

"मोकळं!"

"वरचं टोक?"

आणि लांबून, बारीक, चिमणाबाईचं "मोकळं!"

तीन मोकळं झाल्याशिवाय पंखा फिरायचा नाही. चालत जाऊन बघायचं कुणीच नाही. बाईनं सांगितलं म्हणजे झालं.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात चिमणाबाईची म्हस व्याली. रेडी झाली, अशक्त. म्हशीला हिरवं भरपूर पाहिजे होतं, आणि वरच्या टोकाला, वारुळाच्या मातीत, माळावरचं सगळ्यात रसाळ गवत यायचं. चिमणाबाईनं तिथली चाळीस पावलं कापायची ठेवली. रोज कडेनं एकच भारा काढायचा. गवत गुडघ्याला लागलं. तिनं दोन वर्षं बघितलं होतं, इमान मधल्या चुन्याच्या दगडापाशीच जमीन सोडायचं. त्या चाळीस पावलांवर चाक कधी आलंच नव्हतं.

"त्ये हितवर कशाला येतंय," तिनं म्हशीला सांगितलं.

पंचमीच्या दिवशी कुणी इळा हातात घेत नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. दिवसभर पाऊस लागला आणि सगळी पट्टी वाढली. आकाराम छत्री घेऊन चिमणाबाईच्या दारात आला.

"चिमणाबाय, तुमास्नी पंचमी न्हाय. उद्या दादा उडणार हायत. वरचं टोक तेवढं उरकून टाका, ध्यानात आलं का?"

"व्हय," चिमणाबाई म्हणाली.

आणि उरकलं नाही. अख्ख्या माळावर पंचमीदिवशी एकटीच इळा घेऊन दिसली असती तर बायकांना वर्षभराचं बोलणं झालं असतं, हे एक. पण खरं ते दुसरंच. ते गवत कापलं असतं तर दोन दिवसांत पिवळं पडलं असतं. म्हशीला आणखी आठ दिवस पुरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पृथ्वीराज आला, आणि त्याच्याबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला अतुल. हा अतुल म्हणजे चोवीस वर्षांचा मेस्त्री. दर पंधरा दिवसांनी इंजिन बघायला यायचा. इंजिनावर कान टेकवून ऐकायचा आणि तोंडानं हुबेहूब तोच आवाज काढून दाखवायचा. "आज असं बोलाय लागलंय, घर्रर्र-टक्. मागल्या बारीला टक् नव्हतं." बायका हसून लोळायच्या. एवढं इमान दुरुस्त केलं, पण बसला कधी नव्हता. त्या दिवशी पृथ्वीराज म्हणाला, चल.

अतुल मुद्दाम वरच्या टोकापर्यंत धावत आला होता. "मावशी! आज मी बसणार हाय. वरनं हात करतो, बगा हां!"

गवत त्याच्या गुडघ्याला घासत होतं. त्यानं खाली बघितलं नाही. चिमणाबाईनं बघितलं.

"जा की मग," ती हसली. "पडू नगंस."

तो खाली पोचला. हाळी आली. खालचं मोकळं. मधलं मोकळं.

"वरचं टोक?"

त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. थांबा, एवढं कापून घेते. आकारामनं चार शब्द ऐकवले असते, पृथ्वीराज घरचं बोलला असता, आणि अर्ध्या तासानं इमान उडालं असतं.

"मोकळं!"

पट्टी ओली होती, गवत एका दिवसानं वाढलेलं, आत दोन माणसं आणि अवजारांची पेटी. इमान चुन्याच्या दगडापाशी आलं आणि उठलं नाही. पुढं आलं. वीतभर उचललं, पुन्हा टेकलं. चिमणाबाई कडेला सरकली. तिला काचेआडची दोन्ही तोंडं दिसली. मग चाकं त्या चाळीस पावलांत शिरली आणि आवाज बदलला. नवं लुगडं टरकावावं तसा, सर्रर्र. ओल्या गवतानं चाकं धरली. नाक खाली गेलं, शेपूट वर उभं राहिलं आणि सगळंच्या सगळं पलीकडच्या ओघळीत उलटं पडलं.

नंतर काहीच ऐकू आलं नाही. फक्त वर आलेलं एक चाक टिक टिक करत फिरत होतं, आणि ते थांबेस्तोवर कुणाचा पाय हलला नाही.

इमान गवतात शिरलं तेव्हा अतुलचा हात वर होता. त्यानं हात केला होता की कशाला तरी धरायला उचलला होता, हे चिमणाबाईला अजून कळलेलं नाही.

पृथ्वीराज वाचला. अतुल वाचला नाही.

धावत आलेल्या माणसांनी निम्मं गवत तुडवलं. उरलेलं चिमणाबाईनं दुसऱ्या दिवशी फटफटायला जाऊन कापलं, चार बोटांवर, एकसारखं. भारा घरी नेला. म्हशीनं खाल्ला. दुपारी चौकशीला साहेब आले, त्यांनी फितीनं सगळं मोजलं, आणि आकारामला विचारलं, गवत किती होतं.

"चार बोटं साहेब," आकाराम म्हणाला. "रोज हाळी देतोय आमी. ध्यानात आलं का?"

साहेबांनी लिहून घेतलं. चिमणाबाईला कुणी विचारलं नाही.

विचारायची गरजच नव्हती, कारण गावाला कारण सापडलं होतं. वारूळ पाडलं, आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथंच पडलं. आता आणि काय पाहिजे? बयाबाई तर नाग डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगायची. "असा फडा काडलाता, बाई! चाकाला इळखा घातला आन् ओढला खाली!" सांगताना तिचा हात फणा व्हायचा आणि ऐकणारी पोरं मागं सरकायची. पृथ्वीराजनं पट्टी सोडली, पुण्याला गेला तो गेलाच.

चिमणाबाई गप्प राहिली. जिच्या घरात नाग पुजत नव्हते, ती नागाच्या आड लपली.

माळ पुन्हा माळ झाला. पण वरच्या टोकाला चाकांचे दोन पट्टे तसेच राहिले. पावसाळा आला की बाकीच्यापेक्षा काळपट हिरव्या दोन रेघा उमटायच्या, समांतर, आणि एकाच जागी संपायच्या. तिथलं गवत म्हस खाईना. हुंगायची, मान वर करायची, आणि कान माळाच्या दिशेनं वळवून उभी राहायची. तरीही चिमणाबाई ते रोज कापायची. चार बोटं. कापून ओघळीत टाकून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आवाज यायला लागला.

दर पंचमीला अतुलची आई सोनूबाई कोल्हापूरहून पहिल्या एस्टीनं यायची. किटलीत दूध, पदरात लाह्या. बरोबर अतुलची धाकटी बहीण मनाली. भाऊ गेला तेव्हा चौदाची, आता एकोणीस. जिथं पट्टे संपायचे तिथं सोनूबाई गुडघे टेकून दूध ओतायची आणि नागाशी बोलायची. "एक घेतलास. तुझं घर मोडलं त्येची भरपाई झाली. हिला सोड." कुणीतरी तिला सांगितलं होतं की नाग जोडीनं नेतो. तेव्हापासून मनाली एकटी गल्लीच्या बाहेर गेली नव्हती. कॉलेजला आई वर्गाच्या दारात बसायची. पोरी हसायच्या. मनालीही त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन जेवायची नाही.

चिमणाबाई हे सगळं लांबून ऐकायची, मान खाली घालून. चार पंचम्या गेल्या.

पाचव्या, दोन हजार तीनच्या पंचमीला मायलेकी भांडतच माळावर आल्या.

"सोमवारी हजर व्हायचंय आई. न्हायतर जागा जाती."

"जाऊंदे."

"नर्सिंगची जागा हाय. मिरजेला. दीड तासावर! आमिरिकेला न्हाय निगालो मी."

"तुजा भाव किती लांब गेलता? उलीसा माळ. तेवढ्यात गेला."

"मग मी काय करू? तुज्या मांडीवर म्हातारी हू?"

"व्हय. हो. पर जित्ती ऱ्हा."

मनालीनं किटली आईच्या हातात दिली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. चिमणाबाई पाच हातांवर इळा घेऊन बसली होती. पंचमी असल्यानं माळावर दुसरं कुणीच नव्हतं. तिला दिसलं, ही पोरगी आता बोलायची नाही. या वर्षीही नाही, पुढच्याही नाही. अशीच दर श्रावणात येईल, किटली धरून.

ती उठली.

"दूध ओतू नका," ती म्हणाली.

सोनूबाईनं वर बघितलं. पाच वर्षांत ही बाई पहिल्यांदा बोलत होती. "का ओ?"

"नागानं न्हाय नेलं तुमच्या लेकाला. गवतानं नेलं. हितलं गवत कापायचं काम माजं. मी कापलं न्हवतं."

"काय बोलालाय?"

"म्हस व्यालीती. तिला राकून ठेवलंतं. गुडघ्याएवढं हुतं. आन् हाळी आली तवा मी सांगितलं, मोकळं हाय. खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब याच्या आत कापून टाकलं."

सोनूबाईचा चेहरा जागच्या जागी राहिला. "गवतानं कुटं इमान पडतंय?" ती हळू म्हणाली. "खुळी हाईसा काय? एवढं लोखंडाचं इमान. गवतानं?"

तेवढ्यात मनालीनं मान वळवली.

"आई, गाडी येतीया काय खालनं?"

चिमणाबाईनं झटकन मनालीकडं बघितलं. पाच वर्षं हे तिचं एकटीचं होतं. खालच्या अंगानं घरघर निघाली होती. पट्टीवर काहीही नव्हतं. नुसतं ऊन.

"कसली गाडी?" सोनूबाईला ऐकू येत नव्हतं. तिनं पोरीचा चेहरा बघितला, चिमणाबाईचा बघितला. "आला. बघा, आला त्यो. रागावला. तुमी मधी बोलला म्हणून आला! मने, हिकडं ये, हिकडं ये माज्याजवळ..." तिनं किटलीचं झाकण काढलं.

आवाज जवळ येत होता. चिमणाबाईचं तोंड सवयीनं उघडलं. शब्द ओठांवर आला.

तिनं तो गिळला. सोनूबाईचं मनगट धरलं आणि तिला ओढत पट्टीच्या कडेला नेलं, जिथं कुणी कापत नव्हतं. सकाळची सर पडून गेलेली; गवत ओलं, दाट, गुडघ्याच्या वर.

"चाला ह्यातनं."

"सोडा मला!"

"एवढंच हुतं. असंच भिजलेलं. चाला, पळून बगा!"

सोनूबाई हात सोडवून पोरीकडं पळायला निघाली. चार पावलं गेली आणि गवतानं घोट्यांना विळखा घातला, लुगडं भिजून पायांत अडकलं, आणि ती पुढच्या पुढं एका हातावर पडली. किटली दुसऱ्या हातात तशीच उभी राहिली, थोडं सांडलं. ती उठली. पाय उचलायला लागली. गवत सुटेना. सर्रर्र आवाज झाला, लुगडं टरकल्यासारखा, आणि तो आवाज तिला ऐकू आला.

ती थांबली. खाली बघितलं. एका हातानं पातं पिळून बघितलं. मग पाय पुन्हा उचलला, पुन्हा टेकला, पुन्हा उचलला.

खालचा आवाज पट्ट्यांच्या टोकापर्यंत आला आणि नेहमीसारखा बंद झाला. मनाली दोन्ही हात कानांवर ठेवून उभी होती.

"चाकाला असं झालं?" सोनूबाईनं विचारलं.

"व्हय."

"त्येला ठावं हुतं? गवत वाडलंय म्हणून?"

"न्हाय. त्यानं खाली बगितलंच न्हाय. लई खुशीत हुता."

चिमणाबाई वाट बघत होती. शिव्यांची, दगडाची, पोलिसांच्या नावाची. इळा तिनं आधीच बाजूला ठेवला होता.

"पाच वर्सं," सोनूबाई म्हणाली. "पाच वर्सं मी ह्या पोरीला बांदून घातली." आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "आन् तुमी हितं बसून बगत हुता."

"व्हय."

सोनूबाई गवतातून बाहेर आली. पट्टे संपत होते तिथं ती गेली, उभी राहिली, पण वाकली नाही. मनालीपाशी आली. पोरीचे हात कानांवरून खाली ओढले आणि किटली तिच्या हातात दिली.

"पी."

"हे? नागाचं हाय की."

"तुजं हाय. पी म्हंतो न्हवं."

मनालीनं किटली तोंडाला लावली. उभ्यानं, सगळं दूध, मधे श्वास न घेता. ओठांवरून ओघळ हनुवटीवर आला तो सोनूबाईनं पदरानं पुसला, जोरात, लहान पोराचं नाक पुसावं तसा.

"सोमवारी किती वाजता हजर व्हायचंय?"

"धाला."

"मग चल. कपडे धुवायचं हायत तुजं."

दोघी उतरायला लागल्या. सोनूबाईनं मागं वळून बघितलं नाही. मनालीनं एकदा बघितलं, पण ते चिमणाबाईकडं नव्हतं. ती पट्टीच्या खालच्या टोकाकडं बघत होती, जिथनं पुन्हा, अगदी हळू, कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं होतं.

चिमणाबाई तिथंच बसून राहिली. एस्टी गेल्याचं दिसेपर्यंत. मग ती आकारामचं घर गाठायला निघाली. साहेबांनी चार बोटं लिहून घेतली होती, ती त्याच्या तोंडची होती; गवत गुडघ्याएवढं होतं हे आता त्याला सांगायचं होतं.